पाळीचं वर्ष

मथुराने सकाळपासून कितव्यांदा तरी पडवीतल्या खुंटीकडे पाहिलं. भिंतीतली सागवानी खुंटी ती, कुठे पळून जाणार होती? पण दोन वर्षं रिकामी असलेली खुंटी आज संध्याकाळी भरायची होती, आणि हातातोंडाशी आलेला घास पोटात जाईस्तोवर माणसाला चैन पडत नाही. तिने पदराच्या टोकाने खुंटीवरची धूळ पुसली, मागे सरून बघितली, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून अंगणातल्या खळ्यात नजर टाकली. खळ्यात नितेश उसाचे दांडे सोलत बसला होता. आज तुळशीचं लग्न होतं.

पिलणकरांच्या घरात तुळशीच्या लग्नाला दोन वऱ्हाडं असत म्हणा ना. एक तुळशीचं आणि दुसरं झेल्याचं. सड्यावर, वरच्या कातळमाळावर, कलमांची बाग एक आणि घरं तीन. सासऱ्यांनी कातळात सुरुंग लावून, पावस गावच्या बाजूच्या शेतांतली माती डोक्यावरून वाहून ती बाग उभी केली, पण वाटप मात्र केलं नाही. वाटप केलं तर मोठ्याला पाण्याची टाकी, मधल्याला वाट आणि धाकट्याला नुसता कातळ, असं होईल म्हणत. त्यापेक्षा पाळी बरी. एक वर्ष अख्खी बाग एका घराची. फळ त्याचं, खर्च त्याचा आणि बुडालं तर बुडालेलंही त्याचंच. पाळी एका घरातून दुसऱ्या घरात गेली याची खूण म्हणजे सासऱ्यांच्या हातचा झेला. लांब बांबू, टोकाला जाळी आणि पातं, आंबा देठासकट अलगद उतरवायला. आता काढणीला नवे हलके झेले आले होते, हा जुना नुसता मानाचा. तुळशीच्या लग्नाला तो एका पडवीतून उतरायचा आणि दुसऱ्या पडवीत चढायचा.

धाकटी जाऊ योगिनी मुंबईत वाढलेली. लग्न होऊन आली त्या साली म्हाताऱ्या सासऱ्यांनी भर खळ्यात विचारलं, "यंदा पाळी कोणाची गो?" आणि पोरगी लाजून जी आत पळाली ती जेवायलाच बाहेर आली. ती गोष्ट मथुरा अजून दर वर्षी सांगायची आणि योगिनी अजून दर वर्षी लाजायची.

तर यंदा पाळी येत होती मोठ्या घरात, म्हणजे गंगाराम आणि मथुराच्या. गंगारामचे गुडघे आता सडा चढत नव्हते. तेव्हा पाळी खरी नितेशची. हा नितेश दोनदा मुंबईला जाऊन दोनदा परत आला होता. गावात राहून काय उजेड पाडणार, असं त्याला तोंडावर विचारणारे वाडीत कमी नव्हते, आणि त्यांना उत्तर द्यायला मथुरा वर्षभर टपून बसली होती. धाकटे काका महिपत मुंबईला असल्यामुळे सरत्या हंगामात त्यांच्या पाळीची बाग नितेशनेच बघितली, पण दुसऱ्याची बाग बघणं वेगळं. यंदा त्याने रत्नागिरीतून खोके छापून आणले होते. खोक्यावर पिवळा आंबा आणि खाली ठसठशीत अक्षरात 'गंगाराम पिलणकर आणि सुपुत्र'. पुत्र एकच, पण 'सुपुत्र' वाचून मथुराला दोन दिवस पाणीही गोड लागलं होतं.

महिपत आणि योगिनी काल मुंबईहून मोठ्या घरी आले ते मात्र नुसते तुळशीच्या लग्नाला नव्हे. टाळेबंदीच्या वर्षी ज्यांचा आंबा झाडावर नाहीतर वाटेत नासला, त्या बागायतदारांना सरकारी मदत मंजूर झाली होती. दीड वर्ष होऊन गेलेलं, वरातीमागून आलेलं घोडं ते. पण घोडं तर घोडं, दारात आलेलं कोण परत पाठवतं? अडचण एवढीच होती की सातबारावर तीन घरांची नावं. तलाठ्याने सांगितलं होतं, सगळ्यांनी संमती देऊन एकाच्या नावावर घ्या, नाहीतर तिघं सारखं घ्या. काय ते सोमवारच्या आत ठरवून कागद आणून द्या.

दुपारी काळ्या वाटाण्याची आमटी आणि भात जेवून सगळे पडवीत टेकले. गंगाराम भिंतीला, महिपत त्याच्या शेजारी, नितेश पायरीवर. योगिनी पान लावत होती. मधली जाऊ तुळसा दाराशी संध्याकाळच्या मंडपाला आंब्याच्या पानांचं तोरण ओवत बसली होती. तिचं घर गडग्याच्या, दगडी बांधाच्या पलीकडे, पण सणाला चूल एकच.

गंगारामने विषय काढला आणि लगेच मिटवलाही. म्हणाला, त्या वर्षी पाळी तुळसाची होती. नासलं ते तिचं, तर आलेलंही तिचं. तिच्या नावावर संमती द्या आणि मोकळे व्हा. एवढं बोलून तो सुपारी कातरायला लागला.

ते वर्ष सगळ्यांना आठवत होतं. तुळसाचा नवरा, मधला शिवा, आदल्या पावसाळ्यात अचानक गेला आणि तुळसाची ती एकटीने धरलेली पहिली पाळी. झाडं अशी लागली होती की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आणि ऐन काढणीच्या तोंडावर सगळं बंद. राखणीला ठेवलेले नेपाळी गडी सीमेवर पोचतील की नाही म्हणत आधीच निघून गेले. गाडी नाक्यावर अडली, माल गाडीतच पिकला. उरलेला झाडाखाली पडला आणि कोल्ह्यामाकडांनी खाल्ला. मे महिन्यात महिपत आणि योगिनी जीव मुठीत धरून गावी पोचले, तर त्यांना गावच्या शाळेत वेगळं ठेवलं. रोज सकाळी शाळेच्या खिडकीखाली आंब्याची टोपली यायची ती तुळसाकडून.

महिपतने पान तोंडात टाकलं. दादाचं बरोबरच आहे, असं म्हणून त्याने सुरुवात केली, आणि ज्या बोलण्याची सुरुवात 'बरोबरच आहे'ने होते त्यात पुढे काय येतं ते मथुराला ठाऊक होतं. त्याचं म्हणणं असं की सरकार सातबारा बघतं. एकदा संमतीने सगळं एका नावावर गेलं की तो कागद कायमचा होतो. आज तुळसावयनी आहेत. उद्या त्यांची लेक मृणाली आहे, जावई आहेत. जावई शहाणे आहेत, पोफळीला वीजघरात नोकरीला आहेत, कायदा जाणतात. वाईट कोणी नाही, पण कागद कागद असतो. बोलताना तो तुळसाकडे न बघता तोरणाकडे बघत होता.

मृणालीचा नवरा. त्या बिचाऱ्याचा गुन्हा एकच, तो कमी बोलायचा. आणि कमी बोलणाऱ्याच्या मनात काय चाललंय हे लोक आपल्याच मनातून काढतात.  बागेत मुलींचा हिस्सा आला तर तीन पाळ्यांचं काय होईल, नितेशचं काय होईल, असलं काहीबाही मथुराच्याही डोक्यात आलं. शिवाय एक जुनं कुसळ होतंच. त्या मे महिन्यात शाळेत रोज ताजी टोपली जायची आणि मोठ्या घरी मात्र आंब्याचं साठ आलं, तेही जाड थापलेलं. साठ म्हणजे तरी आंब्याचा रसच वाळवलेला, पण मान तो मान.

तेव्हा उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं झालं. मथुरा पुढे सरसावली.

"अवो, ते वर्ष एकट्या तुळसाचं कुठलं? नाक्यावर गाडी अडली तेव्हा रात्रभर तिथं माझा नितेश बसला होता. भावोजी शाळेत अडकले होते. मी घरात बसून देव पाण्यात घातले होते. भोगलं ते सगळ्यांनी. ते वर्ष तिघांचं, तर आलेलं पण तिघांचं."

महिपत मान डोलवत राहिला. नितेशने आईकडे बघितलं. गंगारामची सुपारी थांबली.

तुळसाने सुई पानात अर्धी घालून ठेवली. "ते वर्ष तिघांचं," ती हळूच म्हणाली, नारळ कानाशी धरून हलवून बघावा तशी. मग मथुराकडे बघून म्हणाली, "असं म्हणता वयनी?"

"मग काय खोटं बोलतंय?"

"खोटं कसं? बरं, तसं करू." आणि तलाठ्याचा कागद पुढे ओढून, त्यात तिघं सारखं असं लिहून तिने पहिली सही केली, मग पेन महिपतला दिलं.

जिंकल्यावर माणसाला जरा तरी बरं वाटायला हवं. मथुराला वाटेना. भांडण करायला कंबर कसावी आणि समोरच्याने पाट मांडून बस म्हणावं, तसं काहीतरी झालं होतं. तुळसा एवढी सरळ कशी आली, हा एक घोर. आणि गंगाराम सही करून एक शब्द न बोलता आत जाऊन आडवा झाला, हा दुसरा. चाळीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्या बोलण्याची भीती कधी वाटली नाही. तो गप्प झाला की मात्र ती स्वतःच्याच मागच्या बोलण्यात खडे शोधत बसायची.

दुपारभर ती तुळसाशी जास्तच गोड वागली. चहा दिला, त्यात आलं घातलं, मृणालीच्या मुलाचा खोकला विचारला. दोघी मिळून तुळशीवृंदावनाला गेरू लावत होत्या तेव्हा वाऱ्यावर सड्याकडून वास आला. पहिला मोहर कुठेतरी फुटला होता. तुळसाने हात थांबवून तो वास घेतला.

मथुराला उगाच तो मे महिना आठवला. सड्यावर चटयाच चटया पसरलेल्या, त्यांवर साठं वाळत घातलेली, आणि मधे काठी घेऊन कावळे हाकत तुळसा एकटी बसलेली. हे मथुराने खालून, विहिरीच्या काठावरून बघितलं होतं. वर ती एकदाही गेली नव्हती. कामं होती, ऊन होतं, रोगाची भीती होती, सगळं खरं. पण जायला हवं होतं, हेही खरं, आणि ते आता गेरूच्या हाताने आठवून तिला स्वतःची लाज वाटली.  तुळसाचा चहाचा कप तिने स्वतः विसळला.

दिवेलागणीला लग्न लागलं. उसाचा मांडव, चिंचा-आवळे, कृष्णाची चिमुकली मूर्ती. महिपतने मंगलाष्टकं म्हटली. त्याचा आवाज चांगला, फक्त प्रत्येक अष्टकात शेवटची ओळ तो मुंबईला विसरून यायचा, आणि ती सगळे मिळून 'सावधान' म्हणून भरून काढायचे. अक्षता पडल्या, पोह्यांचा आणि गूळखोबऱ्याचा प्रसाद झाला. शेजारपाजारच्या बायका हळदीकुंकू घेऊन आपापल्या तुळशीकडे गेल्या आणि खळ्यात घरचीच माणसं उरली. नितेश महिपतच्या बंद घराचं कुलूप काढून झेला घेऊन आला. बांबूला त्याने तेल लावलं होतं, तो दिव्यात चमकत होता.

महिपतने तो दोन्ही हातांत आडवा धरला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं. "माझी पाळी मी खाल्ली. आता तुझी तू खा."

यानंतर थोरल्याने एक विचारायचं असतं. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. त्यांच्या हयातीत आणि नंतरही, त्या प्रश्नाला एकच उत्तर येत आलं होतं, आणि ते येईपर्यंत पोरं प्रसादाकडे परत वळलेली असायची. गंगारामने टोपी सारखी केली, तुळशीकडे तोंड केलं आणि विचारलं, "तुळशीमाये, तीन घरं उभी हायत. कोणाची पाळी राहिली का?"

"नाय," महिपत म्हणाला.

"नाय," नितेश म्हणाला, आणि त्याने झेल्यासाठी हात पुढेही केले.

"माझी राहिली," तुळसा म्हणाली.

 नितेशचे हात तसेच पुढे. योगिनीने चुकून ऐकलं की काय म्हणून महिपतकडे बघितलं. तुळसा वृंदावनाच्या बाजूला उभी होती, डोक्यावरचा पदर सारखा केलेला. तिचा आवाज चढला नव्हता. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगावं तशी ती बोलली होती.

नितेशच आधी सावरला. त्याने आठवण करून दिली, की गेल्या वर्षी याच खळ्यात काकीने आपल्या तोंडाने 'माझी पाळी मी खाल्ली' म्हटलं होतं आणि झेला दिला होता. मग ती राहिली कशी?

"म्हटलं होतं. दाणा पोटात गेला नव्हता तरी म्हटलं होतं. कारण बुडाली ती माझी बुडाली, असंच मी धरून चालत होते. रीत तीच हाय. बुडालं तर ज्याची पाळी त्याचं. त्यावर मी कधी तोंड उघडलं नाय." तिने जरा थांबून सगळ्यांकडे बघितलं. "पण आज दुपारी ठरलं, ते वर्ष तिघांचं. सही पण झाली. बुडालं तेव्हा पाळी माझी आणि भरपाई आली तेव्हा वर्ष तिघांचं, असं दोन्ही कसं होईल? वर्ष तिघांचं तर तिघांचं. मग त्यात माझी पाळी कुठाय? ती राहिली."

महिपत घाईघाईने पुढे आला. म्हणाला, मदतीचं वेगळं आणि पाळीचं वेगळं, असं एकात एक कालवू नये. आणि तसंच मनाला लागलं असेल तर कागद अजून दिलेला नाही. फाडू. सगळं तुळसावयनींच्या नावावर करू, तो स्वतः सोमवारी तलाठ्याकडे जाईल. बोलताना त्याने झेला पोटाशी धरला होता, जणू तो कोणी हिसकावणार होतं.

"नको भावोजी," तुळसा म्हणाली. "मला त्यातलं जास्त नको. माझ्या वाटणीचं आलं तेवढं पुरे. मला बाग हवी एक वर्ष." आणि आता पहिल्यांदा तिचा आवाज जरा हलला. "हे गेल्यावर ती माझी पहिली पाळी. मला बघायचं होतं, मला जमतं का. शेवटाला आंबे नासले ते जगबुडीने नासले. पण मला जमलं असतं का नाय, हे मला अजून ठाऊक नाय. ते बघायचंच राहिलं. असंच मरून गेले तर फुकट."

 महिपतने झेल्यावरची पकड सैल केली. त्यालाही, काहीही म्हटलं तरी, शाळेच्या खिडकीखालच्या टोपल्या आठवत असणार. सकाळ झाली की योगिनी खिडकीतून वाकून दोरीने टोपली वर ओढायची, आणि खालून तुळसा लांब उभी राहून विचारायची, ताप नाय ना कोणाला.

गंगाराम वळला तो मथुराकडे. त्याने फक्त एवढंच विचारलं, "ते वर्ष तिघांचं, हे कोण बोललं?"

त्याला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मथुराला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं, नाहीतर निदान समईने तरी विझावं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला तुळसाचा राग आला, दुपारभर आलं घालून चहा पाजला तो याचसाठी काय. मग महिपतचा आला, त्याने जावयाचं काढलं नसतं तर ही वेळ आली नसती. सरतेशेवटी राग फिरून जिथला तिथे, स्वतःच्या जिभेवर आला. तिच्यासमोर नितेश उभा होता. त्याने अजून हात खाली घेतले नव्हते, फक्त बोटं मिटली होती. आत पडवीत खोक्यांची थप्पी होती आणि वरच्या खोक्यावरची 'सुपुत्र' ही अक्षरं इथूनही वाचता येत होती. 'मी मदतीपुरतं बोललंय' एवढं म्हटलं की झालं. कोणी तिला खोटं पाडणार नव्हतं. तुळसासुद्धा नाही. ती बरं म्हणून आपल्या घरी गेली असती, आणि पुढेही गडग्यापलीकडून हाकेला ओ देत राहिली असती.

"मी बोललंय," मथुरा म्हणाली.

"आये, तू पैशांचं बोलत होतीस," नितेश म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती.

"मी वर्षाचं बोललंय, बाबू. वर्ष म्हटलं की सगळंच आलं त्यात. गोड तेवढं तिघांचं आणि कडू तेवढं तिचं, असं म्हणायला माझी जीभ वळली, तिथंच मी चुकलंय. आता परत वळवून आणखी कुठे घाण करू?"

नितेशने तिच्याकडे बघितलं, मग काकीकडे. मग तो वळला आणि पायरीवर जाऊन खोक्यांकडे पाठ करून बसला. पाय आपटले नाहीत, दार वाजवलं नाही. पोरगा शहाणा होता, म्हणून तर जास्त लागलं. वर्षभर तोंडं बंद करायची ठेवली होती ती वाडीतली माणसं आता आणखी वर्षभर बोलतील, आणि हा ऐकून घेईल. मथुराला ते सगळं दिसत होतं.

तिने महिपतच्या हातातून झेला घेतला. महिपतने तो दिला. गंगारामने डोळे मिटून पुन्हा तुळशीकडे तोंड केलं आणि म्हणाला, राहिली ती राहिली, आता फेडली, मोठं घर एक वर्ष थांबलं, सगळ्यांना सांभाळ. मग डोळे उघडून बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "बॅटरी घे गो, गडग्यापाशी दगड सुटलेत." मघाचा तो प्रश्न सोडला तर दुपारपासून तो तिच्याशी बोलला ते हे पहिलं.

दोघी जावा निघाल्या. पुढे तुळसा बॅटरी घेऊन, मागे मथुरा खांद्यावर झेला घेऊन.  गडगा ओलांडल्यावर मथुराच म्हणाली, पोराने खोके छापून आणलेत, आता ते वर्षभर उंदीर खातील.

"उंदीर कशाला? मी वापरीन की," तुळसा म्हणाली. "माझा आंबा मोठ्या भावोजींच्या नावाखाली गेला म्हणून आंबट होणार हाय? आणि नुसते खोके घेऊन काय करू? तो सुपुत्र पण लागेल मला. फवारणीचं गणित मला येत नाय, झाडावर मी चढत नाय. अर्ध्यावर ये म्हणून सांगीन त्याला. येईल?"

"ते तू विचार. मी मधे पडणार नाय. आज पडले तेवढं पुरे." जरा पुढे गेल्यावर ती म्हणाली, "सकाळी विचार. सकाळी तो भुकेला असतो. घावणे घालून विचार."

तुळसा हसली. मथुरा नाही हसली, पण खांद्यावरचा बांबू तिला मघापेक्षा कमी बोचायला लागला.

तुळसाच्या पडवीत दिवा होता. शिवाच्या वेळची तीच खुंटी, मथुराच्या घरातल्या खुंटीच्या जोडीने एकाच सुताराने घडवलेली. मथुराने बॅटरी तिच्या हातातून घेऊन वर धरली. खुंटीवर धूळ नव्हती. लाकूड हात फिरून फिरून गुळगुळीत झालं होतं.

म्हणजे ठरवून आली होती तर, मथुराच्या मनात आलं, आणि दिवसभराचा राग एकदम उसळला.

"सकाळीच पुसून ठेवलीस वाटतं?" तिने विचारलं.

"सकाळीच नाय वयनी," तुळसा म्हणाली. "गेल्या वर्षी झेला गेला तेव्हापासून रोज पुसतंय."

मथुराने बॅटरी कठड्यावर ठेवली. झेला लांब होता, एकटीने अडकवायचा तर टोक कौलाला लागायचं. तिने मधे धरला, तुळसाने टोक धरलं, आणि दोघींनी मिळून तो खुंटीवर चढवला.